टर्बोच्या आधी टाकी

ट्रकला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवलाय म्हटलं की लोक बॉनेट उघडायला लावतात. ती चकचकीत गोगलगाय बघतात, फोटो काढतात, "किती बूस्ट?" विचारतात आणि जातात. मागे हौद्याखाली, टाकीच्या पोटात काय केलंय, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. पैसा आणि डोकं मात्र जास्त तिथेच खर्ची पडलं. त्यामुळे हे टर्बोबद्दल नाही, त्याला खाऊपिऊ घालणाऱ्या यंत्रणेबद्दल आहे.

गाडी आहे २००४ची शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक. ५.३ लीटरचं व्ही-८ इंजिन, त्याचं कोडनाव एलएम७. लोखंडी ब्लॉक, भंगारातही सहज मिळणारे सुटे भाग आणि भरपूर मार खाण्याची तयारी, यामुळे अमेरिकेत घरच्या घरी टर्बो बसवणाऱ्यांचं हे लाडकं इंजिन. मी राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या उपनगरात. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ वीस वर्षांच्या ट्रकला खालून खाऊन टाकतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे गंजाचा विषय वारंवार येणार आहे.

सुरुवात वही-पेनाने केली. लक्ष्य ठरवलं क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, ५०० हॉर्सपॉवर. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, दहा पीएसआयच्या (चौरस इंचाला पाउंड) आसपास. पेट्रोलवरचं टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.६५ पाउंड इंधन पितं, असं धरतात. म्हणजे पाचशेला ३२५ पाउंड. इंधन फवारणारे इंजेक्टर आठ, आणि कुठलाही इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही. भागाकार केला की एकेकाच्या वाट्याला तासाला ४८ पाउंड येतात. कंपनीचे इंजेक्टर होते पंचवीसच्या आसपासचे. तिथेच विषय संपला.

इंजेक्टर घेताना एक गोष्ट मात्र बघून घ्यावी लागते. खोक्यावरचा आकडा कुठल्या दाबाला मोजलाय? बरेच उत्पादक ४३.५ पीएसआयला, म्हणजे ३ बारला मोजतात. या ट्रकच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीत, दाब असतो ५८, म्हणजे ४ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ३ बारला ६० पाउंडचा इंजेक्टर इथे जवळजवळ ६९चा होतो. ८०चा घेतला तर तो ९२ला जातो. "मोठाच घे, पुढे कामी येईल" असा सल्ला देणारे खूप भेटले. पण आठ मोठे इंजेक्टर सिग्नलला उभ्या असलेल्या इंजिनाला चमचाभर पेट्रोल मोजून द्यायला बसले, की त्यांची उघडझाप इतकी छोटी होते की मोजमापच डळमळतं. मी साठवर थांबलो. पुढेमागे ई८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन, भरायचं ठरवलं तर पाचशे हॉर्सपॉवरला एका इंजेक्टरमागे साधारण ६४-६५ लागतील, तेही त्यात बसतात.

पंपाचं गणित याच ३२५ पाउंडांवरून निघतं. लीटरमध्ये ते तासाला दोनशेच्या आसपास होतं, ई८५वर अडीचशे. मग बाजारात सगळीकडे दिसणारा वॉलब्रोचा २५५ लीटरचा पंप पुरायला हवा, नाही का? नाही पुरत. तो आकडा कमी दाबाचा असतो. दाब वाढला की पंपाचा प्रवाह कमी होतो, आणि बूस्टमध्ये माझ्या रेलला हवे होते ६८ पीएसआय. ४५० लीटरचा पंप घेतला.

हे ६८ कुठून आले? इंजेक्टर इंधन फवारतो ते इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या मार्गात. तिथे टर्बोने दहा पीएसआय हवा कोंबलेली असली, तर रेलमधल्या ५८ पीएसआयमधला ढकलणारा दाब उरतो फक्त ४८. म्हणजे इंजिनाला सर्वांत जास्त इंधन हवं असतं नेमकं तेव्हाच प्रत्येक इंजेक्टर नऊ टक्के कमी देणार. यावर उपाय म्हणजे इनटेकमधल्या दाबाची नळी जोडलेला रेग्युलेटर. बूस्ट एक पीएसआय वाढलं की तो रेलचा दाबही एकने वाढवतो.

पण २००४च्या सिल्व्हराडोत रेलवर रेग्युलेटर नसतोच, तो टाकीतल्या पंपाच्या डब्यातच असतो. जादा पेट्रोल पुढून मागे टाकीत परत आणणारी रिटर्न लाइन नाही. २००३पर्यंतच्या ट्रकांना ती होती. एका मित्राने कॉर्व्हेटचा फिल्टर सुचवला. त्यात फिल्टर आणि रेग्युलेटर एकत्रच असतात, स्वस्त पडतो आणि इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणारे सर्रास वापरतात. साध्या इंजिनाला तो उत्तम. पण तो ५८ला ठाम, बूस्टचं त्याला काही कळत नाही. शेवटी पुढे रेलनंतर रेग्युलेटर आणि तिथून टाकीपर्यंत नवी रिटर्न लाइन, असं ठरलं.

दुसरा निर्णय असा की हे सगळं टर्बो लावायच्या आधी करायचं. नवे पंप, लाइन, इंजेक्टर घालून ट्रक महिनाभर तरी बिनटर्बोचा चालवायचा. सगळं एकदम बदललं आणि इंजिन खोकलं, तर खोकला कुठला हे शोधत बसावं लागतं.

त्या उन्हाळ्यात आईबाबा नाशिकहून आले होते. बाबांची नोकरी सातपूरच्या मायकोत झाली, आताच्या बॉशमध्ये. डिझेलच्या नोझलांमध्ये त्यांची हयात गेली. ड्राइव्हवेत फोल्डिंगची खुर्ची टाकून, डोक्याला पंचा गुंडाळून ते बसायचे आणि मी काय करतोय यावर लक्ष ठेवायचे. मी सांगितलं, "बाबा, इथे दाब फक्त चार बार आहे." त्यांना हसू आलं. "चार? अरे, आमच्याकडे शेकड्यात बोलायचे." पण कंपनीचा जुना इंजेक्टर काढून त्यांच्या हातात दिला, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून पाच मिनिटं त्याचं तोंड बघत राहिले. मग म्हणाले, "याची भोकं आमच्यापेक्षा मोठी आहेत, पण कचऱ्याने हाही मरणारच. लाइनी कापल्यास की धुऊन घे. एकदा नाही, दोनदा."

टाकीपर्यंत पोचायचे दोन मार्ग असतात, टाकी खाली उतरवायची किंवा हौदा वर उचलायचा. टाकी उतरवायची तर पाठीवर झोपून गंजलेल्या पट्ट्यांशी झगडावं लागतं. मी हौदा उचलायचं ठरवलं. गंजलेले बोल्ट सैल करायला आधी काही दिवस रोज संध्याकाळी तेल मारत राहिलो. एरवी अशा बोल्टला गॅसची ज्योत दाखवतात, इथे शेजारीच टाकी असल्याने ते बादच होतं. दोन बोल्ट शेवटी तुटलेच. मागच्या दिव्यांचं कनेक्टर, पेट्रोल भरायच्या तोंडाचे स्क्रू, अर्थिंगची पट्टी, एवढं सोडलं की हौदा मोकळा होतो. गणपतीच्या ढोल-ताशाचा सराव आमच्याच भागात चालू होता. त्या मंडळींना पोह्यांचं आमिष दाखवून बोलावलं. सहा जणांनी "मोरया" म्हणत हौदा उचलून लॉनवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. समोरच्या घरातल्या गोऱ्या आजोबांनी पडदा बाजूला करून सगळं पाहिलं.

काम ड्राइव्हवेतच केलं, कारण गॅरेजमध्ये आमचा गॅसवरचा गीझर आहे. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि तिला एक ठिणगी पुरते. आग विझवायचं नळकांडं हाताशी होतं, बॅटरी सोडवलेली होती आणि ट्रक आधीच मुद्दाम फिरवून टाकी जवळजवळ रिकामी केली होती. रेलवर टायरसारखा एक वाल्व्ह असतो. त्यावर फडकं धरून दाब सोडला.

हौदा निघाल्यावर टाकीच्या डोक्यावर वीस वर्षांची माती दिसली. हवा मारून आणि धुऊन ती काढल्याशिवाय पंपाची कडी उघडणं म्हणजे तो सगळा उकिरडा टाकीत लोटणं. लॉकची कडी गंजाने बसलेली होती. पितळी ठोकणीने हळूहळू फिरवली, कारण पितळाची ठिणगी पडत नाही. चेसिसवरच्या ब्रेकच्या नळ्याही खपलीसारख्या सुटत होत्या. त्या पुन्हा कोण उघडणार, म्हणून निकेल-कॉपरच्या नव्या टाकल्या.

पंपाचा डबा बाहेर आला की कळतं, आत नुसता पंप नसतो. एक प्लास्टिकची बादली असते, तिच्यात पंप उभा. टाकीत पेट्रोल कमी असलं आणि गाडी वळली तरी पंपाच्या तोंडाशी पेट्रोल राहावं म्हणून ही बादली सतत भरलेली ठेवली जाते. ती भरायला एक छोटा जेट असतो, परत आलेल्या पेट्रोलच्या जोरावर तो टाकीतलं पेट्रोल आत ओढतो. नवा पंप बसवताना ही व्यवस्था बिघडवली, तर पाव टाकीवर वळण घेताना पंप हवा ओढतो. म्हणून माझ्या रिटर्न लाइनचं तोंड मी बादलीतच सोडलं. आतला कंपनीचा रेग्युलेटर काढून ते भोक बंद केलं. काट्याच्या फ्लोटला धक्का लावला नाही.

टाकीच्या आतल्या नळीचं कोणी फारसं सांगत नाही. बाहेर चालणारी चांगली इंधनाची रबरी नळी आत बुडवली तर चालत नाही. तिचं आतलं अस्तर पेट्रोल सोसतं, पण बाहेरचं रबर चोवीस तास पेट्रोलमध्ये राहायला केलेलं नसतं. काही महिन्यांत ते फुगतं, चिकट होतं आणि सुटतं. आत बुडवायची नळी वेगळीच असते. तिच्यावर जे३०आर१० लिहिलेलं असतं, बाहेरच्या इंजेक्शनच्या नळीवर जे३०आर९. वीतभर तुकड्याचे पैसे ऐकून पोटात गोळा येतो, तरी तीच घ्यावी.

मग वायरिंग. नवा पंप दाबाखाली पंधरा-वीस अँपिअरच्या घरात ओढतो. कंपनीची वायर जुन्या, लहान पंपासाठी होती. त्या वायरीवर पंप चालवला आणि त्याच्या तोंडाशी व्होल्टेज मोजलं, तर बॅटरीवर १४च्या जवळ असताना तिथे १२सुद्धा नव्हते. पंपाचा खोक्यावरचा प्रवाह १३.५ व्होल्टचा असतो. व्होल्टेज पडलं की मोटार मंदावते आणि विकत घेतलेला साडेचारशेचा पंप रस्त्यातच लहान होतो. बॅटरीपासून १० गेजची नवी वायर आणली, बॅटरीजवळ फ्यूज, मागे रिले. जुनी पंपाची वायर आता फक्त रिलेला इशारा देते, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप बंद करायचं काम कॉम्प्युटरकडेच राहतं. हे राहायलाच हवं. अपघातात लाइन तुटली आणि पंप चालूच राहिला, तर काय होईल ते सांगायला नको. अर्थिंगही चेसिसच्या गंजक्या स्टडवर न ठेवता जाड वायरीने पुढे नेलं. पंपाच्या झाकणातून आत जाणारं कनेक्टर याच करंटला वितळतं म्हणून तेही मोठं टाकलं. यानंतर पंपाशी १३.६ व्होल्ट दिसले.

लाइनी पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) अस्तराच्या घेतल्या. पुढे जाणारी एएन-८, म्हणजे अर्धा इंच, परत येणारी एएन-६. रिटर्न लहान ठेवायची नाही. साध्या चालीत पंपाचं बहुतेक सगळं पेट्रोल परतच येत असतं. ते अडलं तर रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी रेलचा दाब खाली येत नाही. विणलेली नळी कापताना तारेचे बारीक केस आणि अस्तराचा चुरा आत राहतो. दोनदा धुऊन घेतल्या, खुर्चीतून देखरेख होतीच. पंपानंतर दहा मायक्रॉनचा फिल्टर लावला. तोही कागदी नाही, मायक्रोग्लासचा, कारण ई८५ कागदाला सोसत नाही. लाइनी एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूने नेल्या आणि दर हातभर अंतरावर क्लँप. पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कार्बनच्या डब्याकडे जाणाऱ्या नळ्या होत्या तशाच परत जोडल्या. मिशिगनमध्ये गाड्यांची धूरतपासणी होत नाही, पण प्रदूषणाची यंत्रणा काढून टाकणं केंद्राच्या कायद्याने बेकायदाच आहे. शिवाय गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास कोणाला हवाय? कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जागेवरच आहे.

इंजेक्टर बसवणं हे त्यातलं सोपं काम. ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावायचं, अंगठ्याने सरळ दाबायचं. कनेक्टर वेगळं असल्याने अडॅप्टर लागले. किल्ली फक्त ऑनवर फिरवून पंप दोन-दोन सेकंद चालवला आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा टिश्यू फिरवला. रेग्युलेटरच्या एका फिटिंगवर ओल आली. घट्ट केलं, परत टिश्यू. मग इनटेकची नळी सोडून रेग्युलेटर ५८ला लावला आणि नळी परत जोडली.

कॉम्प्युटरला नवे इंजेक्टर कळवणं हा निम्मा प्रकल्प. एचपी ट्यूनर्स या सॉफ्टवेअरने प्रवाहाचा तक्ता बदलला की झालं असं वाटतं, पण गाडी उभी असतानाची धडधड जाते ती दुसऱ्या एका तक्त्याने. विजेचा इशारा मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडायला जो वेळ लागतो, तो व्होल्टेजप्रमाणे बदलतो. हा तक्ता उत्पादकाकडूनच यावा लागतो. इंजेक्टर घेताना मी किमतीपेक्षा हा कागद मिळतोय का ते बघितलं. तो घातल्यावर इंजिन थंडीतही पहिल्या फटक्यात सुरू होऊ लागलं. तोवर ट्रक बिनटर्बोचाच, कंपनीच्याच ताकदीने चालत होता. बायको म्हणाली, "एवढं सगळं करून फरक काय पडला?" फरक काहीच पडला नव्हता, आणि मला तेच हवं होतं.

टर्बो लागल्यावर पहिला जोर रस्त्यावर लावला नाही, डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर लावला. रेलच्या दाबाचा सेन्सर आणि वाइडबँड, म्हणजे हवा-इंधनाचं मिश्रण मोजणारा सेन्सर, दोन्हींची नोंद चालू होती. सहा पीएसआयपर्यंत दाबाची रेघ बूस्टच्या रेघेला समांतर. दहावर मात्र ५,००० आरपीएमनंतर ६८ हवे तिथे ६१ दिसू लागले आणि मिश्रण (एक भाग इंधनाला हवेचे भाग) साडेअकरावरून साडेबाराकडे सरकू लागलं. डायनोवाल्याने पाय काढला. बूस्टमध्ये मिश्रण पातळ झालं, म्हणजे इंधन कमी पडलं, की नॉक होतो, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोका बसतो, आणि या इंजिनाचे पिस्टन नॉकने रिंगांच्या खाचेत तुटतात.

पंपाशी व्होल्टेज उत्तम होतं. मग दुसरा गेज फिल्टरच्या आधी लावून परत ओढून बघितलं. फिल्टरआधी ८०च्या वर, फिल्टरनंतर ६१. पंप बिचारा ढकलत होता, फिल्टर सोडत नव्हता. तो उघडला तर जाळीवर विटकरी रंगाची बारीक भुकटी बसलेली, मऊ, बोटाला कुंकवासारखी लागणारी. प्लास्टिकच्या टाकीत गंज कुठून आला? पेट्रोल भरायच्या तोंडाची नळी पत्र्याची असते. आरशाने आत बघितलं, तर ती आतून पापुद्रे टाकत होती. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना थोडा गंज धुऊन टाकीत जात होता. जुन्या पंपाला एवढा प्रवाहच नव्हता, म्हणून आजवर कधी जाणवलं नाही. नवी नळी टाकली, टाकी परत रिकामी करून पुसली, फिल्टर बदलला. त्याच डायनोवर, त्याच बूस्टला ६८, अगदी वरच्या आरपीएमपर्यंत. बाबा तोवर नाशिकला परतले होते. त्यांना जाळीचा फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "किती मायक्रॉन?"

आता रेलचा दाब आणि बूस्ट यांच्यातला फरक ५०च्या खाली गेला तर बूस्ट आपोआप सोडून द्यावं, अशी व्यवस्था कंट्रोलरमध्ये केलीय. पंप एक दिवस मरणारच, तेव्हा त्याने इंजिनाला सोबत नेऊ नये. दोन्ही गेज तिथेच ठेवलेत, फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा. त्यांच्यातलं अंतर वाढू लागलं की फिल्टर बदलायचा.

ई८५चं अजून बाकी आहे. आपल्याकडे इथेनॉल मुख्यतः उसापासून आणि धान्यापासून, इथे मक्यापासून. नावात ८५ असलं तरी पंपावरच्या मालात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं, आणि हिवाळ्यात थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून ते कमी ठेवतात. म्हणजे टाकीत नक्की किती टक्के आहे हे मोजणारा सेन्सर लागणार. जनरल मोटर्सचाच मिळतो, शून्य टक्क्याला ५० हर्ट्झ आणि शंभरला १५० हर्ट्झ दाखवणारा. आणून ठेवलाय. रिटर्न लाइनवर त्याच्यासाठी जागाही सोडलीय, पण बर्फ वितळेपर्यंत ट्रकखाली कोण झोपणार?